पाटीवरची शकु

अंधेरी,
१२ फेब्रुवारी १९८७

प्रिय शकु,

तुला लिहायचं म्हणून चारदा बसले नि चारदा उठले. आज पाचव्यांदा बसलेय. आधी बातमी सांगते. सांताक्रूझच्या विमानतळावरची आपली टाइल्सच्या चित्राची भिंत शाबूत आहे. परवा जाऊन पाहिली. लोकांच्या बॅगा आपटून खालच्या दोन टाइल्सचे टवके उडालेत, पण तुझ्या कोळणी तशाच ठसक्यात बसल्यात. विमानाची घोषणा झाली तरी एक बाई त्यांच्यासमोरून हलेना. नवऱ्याला म्हणत होती, "अहो, ही बया भाव कमी करायची नाही हं!" मला अभिमान वाटायला हवा होता, पण मी कानकोंडी झाले.

चारकोपच्या गाळ्यातले ते सात महिने आठवतात? टाइल्सच्या पाठीवर आकडे घालायला मी विसरायचे नि तू माझ्या नावानं शंख करायचीस. समुद्र निळा व्हायचा तो भट्टीतून हिरवा निघाला, तेव्हा मी रडायलाच लागले. तू म्हणालीस, "वाट लागली म्हणू नको गं, वर्सोव्याचं पाणी असंच असतं." चेहरे तर सगळे तुझेच. मला चेहरे जमत नाहीत, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊकही नाही.

मग भिंतीखाली लावायच्या नावांच्या पाटीसाठी विमानतळाच्या साहेबांनी नावं विचारली. तू हात धुवायला गेली होतीस. मी माझं सांगितलं, नलिनी परुळेकर. तुझं पूर्ण नाव विचारलं तेव्हा ओव्हाळ अगदी ओठांवर आलं होतं. शेजारी माझे सासरे नि त्यांचे दोन स्नेही उभे होते. मी म्हटलं, नुसतं शकु लिहा, सगळे तिला शकुच म्हणतात. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या चंपाचं आडनाव आम्ही कधी विचारलं नाही, तशीच तू पाटीवर गेलीस: 'नलिनी परुळेकर आणि शकु'. तुला कुणी काही बोलू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला समजावत आले. खोटं आहे गं ते. मला माझ्या नावाशेजारी तुझं आडनाव नको होतं. तू पाटी वाचलीस, अक्षर झकास काढलंय म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवसापासून गाळ्यावर आली नाहीस. कांदिवलीला तुझ्या घरी यायला मला तोंडच उरलं नव्हतं.

परवा गेले ती पाटी बदलून मागायला. नवे साहेब भले आहेत. म्हणाले, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असं लिहून द्या, बदलून घेऊ. मी शकु लिहिलं, ओव्हाळ लिहिलं, आणि मधली जागा तशीच राहिली. तुझ्या वडिलांनी गाळ्याला कडी बसवून दिली, माझ्यासाठीही डबा आणला, आणि मी त्यांना नुसतं बाबा म्हणत राहिले. शकु म्हणजे शकुंतला की आणखी काही, तेही मला माहीत नाही. अर्ज पर्समध्ये अर्धाच पडलाय. माफी मागायला मी येईन, तू दार उघडणार असलीस तर. आत्ता एवढंच कळव, तुझं नाव काय आहे गं?

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
नलिनी