भोंग्याला हजर

पिंपरी,
दि. ३ फेब्रुवारी १९७४

चि. सुमेधास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

बाळाचा खोकला उतरला का, ते आधी कळव. बाकी मी नीट नाही. साप्ताहिकाच्या संपादकांचं पत्र आलं आहे. ते शब्द देतात आणि आपण त्याचं शब्दकोड्यातलं शोधसूत्र रचायचं, ती स्पर्धा तुला ठाऊकच आहे. या खेपेचा शब्द ‘कामगार’. माझी ओळ होती, ‘धंदा थंड पडला, तरी हा भोंग्याला हजर.’ धंदा म्हणजे काम, थंड म्हणजे गार, आणि भोंग्याला हजर तो कामगार. एकही शब्द रिकामा बसलेला नाही. पहिला नंबर ठरला होता. पण हीच ओळ, अक्षरही न बदलता, मिरजेहून तुझ्या नावानं आली, म्हणून निकाल अडवलाय. ओळ मुळात कुणाची, हे महिनाअखेरपर्यंत लेखी कळवायचं. नाहीतर दोघंही कायमचे बाद.

सहा वर्षं मी यात डोकं घालतोय, नाव एकदाही छापून आलेलं नाही. जानेवारीत आई पंधरा दिवस तुझ्याकडे होती. तिच्या बोलण्यात माझी ओळ आली आणि तू ती उचललीस, असंच मला दिसतं. मिरजेत तुझ्या घराजवळ कारखान्याचा भोंगा आहे कुठे? लेथवर उभा असतो तेव्हाही हेच डोक्यात फिरतं, काल दोन नग वाया घालवले. तू माघार घेतल्याचं एक कार्ड टाक, म्हणजे मिटलं. माया आहे ती या भानगडीत आटू देऊ नकोस.

तुझा,
सुरेंद्रदादा


मिरज,
दि. ८ फेब्रुवारी १९७४

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

बाळ बरा आहे. तुझं पत्र वाचता वाचता आमटी मात्र करपली. भोंग्याचं मला विचारतोस? लग्नाआधी दहा वर्षं मी पिंपरीत त्याच भोंग्यावर उठले. तू तर तो वाजला की उशी डोक्यावर घ्यायचास.

ओळ माझी आहे. दुपटी वाळत घालताना सुचली. माघार मी घेणार नाही. इथे मी सूनबाई आहे, वहिनी आहे, बाळाची आई आहे. छापील अक्षरांत एकदा ‘सुमेधा’ वाचायचं आहे, यात माझं काय चुकलं?

पण झोप मलाही नाही. पोस्टमनची वाट बघते आणि तो दिसला की दार उघडावंसं वाटत नाही. संपादकांना लिहायला दोनदा बसले, दोनदा कागद फाडला. का, ते विचारू नकोस. आईला नमस्कार. रागावलास तरी पत्र पाठवत जा.

तुझी,
सुमेधा


कुरुळी,
दि. १५ फेब्रुवारी १९७४

चि. सुरेंद्र व चि. सुमेधा यांस,
आईचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

मी सांगतेय आणि माझी बहीण इंदुताई लिहितेय. बोलते तसंच लिही म्हणाले तिला. दोघांना एकेक प्रत धाडलीय. सुरेंद्र घरात नुसत्या येरझाऱ्या घालतो, ताट अर्धं टाकून उठतो, म्हणून मी इकडं इंदूकडं आले. येताना सुमेधाचं पत्र आणलं आणि इंदूकडून वाचून घेतलं.

सुरेंद्र, तू सकाळी चहा घेताना तो शब्द सांगितलास. मी तांदूळ निवडत होते. समोरचे बबनराव डबा घेऊन निघाले होते. त्यांच्या कंपनीला महिनाभर काम न्हाई, तरी माणूस रोज जातोय. त्यांच्याकडं बघून मी म्हटलं, धंदा थंड पडला तरी हा भोंग्याला हजर. तू कप तसाच ठेवून लिहायला पळालास. आठ दिवसांनी मिरजेत सुमेधानं तोच शब्द काढला. एका लेकराला दिलं आणि दुसऱ्याला न्हाई, असं माझ्याच्यानं कधी झालं न्हाई. तिलाही तीच ओळ दिली. ती कागद शोधायला आत गेली आणि दुपटी मी वाळत घातली. तुमच्या या खेळात एक वस्तू दोघांना चालत न्हाई, हे मला ठाऊक नव्हतं. एवढी चूक माझी.

तुम्ही एकमेकांना चोर ठरवलंत, त्याचं फार काही न्हाई, भावंडं भांडायचीच. पण सुरेंद्र, तू तुझं पत्र मोठ्यानं म्हणत लिहीत होतास, मी ऐकलं. सुमेधाचंही आता ऐकलं. ओळ कुणाची म्हणून दोघं एवढं भांडलात, आणि त्यात मी हाय ती फक्त निरोप पोचवणारी. ते मला लागलं.

इंदूनं आजच संपादकांना कळवलं, ओळ प्रभावतीची, राहणार पिंपरी. पुढचा शब्द आला की मला लगेच कळवा. माझी ओळ मी माझ्या नावानं धाडणार हाय, तुमच्या तुम्ही शोधा. जेवणं वेळेवर करा.

तुमची आई,
प्रभावती