चारपानी खेळातलं लग्न

अल्फारेटा,
९ एप्रिल २००६

प्रिय सई,

ई-मेल करता आला असता, पण तो तू ऑफिसात उघडला असतास, शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या देखत. हे पत्र घरी वाच. शक्यतो आई देवळात गेलेली असताना.

इथे वसंत आला आहे. म्हणजे पाइनच्या झाडांचा पिवळा पराग सगळ्या गावावर पडलाय. गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येतं. बाहेर इतकं सुंदर ऊन असतं आणि शिंकांच्या भीतीने आम्ही खिडक्या घट्ट लावून आत बसतो. ऑफिस तेच, चौथ्या मजल्यावरचं टेबल तेच, कामही आलो तेव्हा शिकलो तेच. मॅनेजर मध्यंतरी म्हणाला, तुला आता वरची जागा द्यायला हवी. मीच नको म्हणालो. पद बदललं की ग्रीन कार्डाची फाइल पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, आणि मग इतकी वर्षं रांगेत उभं राहिलो ते वाया. माझ्यानंतर लागलेली मुलं आता मला कामं वाटून देतात. चांगली आहेत बिचारी, फार जपून बोलतात माझ्याशी. त्याचाच जास्त त्रास होतो.

तू मागे विचारलं होतंस, शनिवार-रविवारी करतोस काय. शनिवारी दुपारी मी मोरेश्वरकडे असतो. मोरेश्वर सांगलीचा, माझ्याच ऑफिसात आहे. त्याची बायको यामिनी दातांची डॉक्टर, पण तिच्या व्हिसावर इथे नोकरी करता येत नाही, म्हणून ती घरी असते आणि आमचे सगळ्यांचे दात फुकट तपासते. चौथा गुरुनाथ. तो अटलांटात पीएचडी करतो, शनिवारी जेवायला येतो आणि रविवारी संध्याकाळी डबा घेऊन जातो. आम्ही चौघं मिळून एक खेळ खेळतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. आपला माणूस आता काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. लहानपणी आपण गच्चीवर पोस्टमन-डॉक्टर खेळायचो ना, तसंच. फक्त इथे तुझ्यासारखं रडून निकाल बदलता येत नाही.

इतके दिवस आम्ही जो खेळायचो त्याची जाडजूड पुस्तकं होती. राक्षस, जादूगार, तलवारींचे तक्ते. एक माणूस तयार करायलाच अख्खी दुपार जायची, मग यामिनी कंटाळून उठायची आणि भज्यांचं पीठ भिजवायला घ्यायची. म्हणून मोरेश्वरने इंटरनेटवरून एक नवा खेळ छापून आणला. नियम फक्त चार पानं. कुठलीही गोष्ट चालते, कुठलाही काळ. आपल्या माणसाला जमणाऱ्या तीन गोष्टी लिहायच्या, एक उणीव लिहायची, दोन साधे फासे, संपलं. मला त्यातला एक नियम आवडला. फासे विरुद्ध पडले तरी गोष्ट अडत नाही. आपण पुढे जातोच, फक्त काहीतरी गमावून.

काल तो पहिल्यांदा करून पाहिला. आधी एक अंतराळयान घेतलं. दार अडकलं, गुरुनाथने ते उघडलं, चहा होईपर्यंत आम्ही सुटलोसुद्धा. मोरेश्वर खूश झाला. पण म्हणाला, यानं-बिनं सगळ्याच खेळांत असतात, खरंच कुठलीही गोष्ट चालते का ते बघायचं असेल तर जिच्यावर कुणी खेळ केला नसेल अशी घ्यायला हवी. यामिनी चहाचे कप ठेवत होती. ती म्हणाली, "मग लग्नघर घेऊ. सत्यजितच्या बहिणीचं."

मी मंगळवारी व्हिसाच्या वकिलाकडे जाऊन आलो होतो हे तिघांनाही माहीत होतं. तिने चेष्टा म्हणून म्हटलं नव्हतं, तेही मला दिसत होतं. मी म्हणालो, ठीक आहे, पण मी आचारी होणार. मोरेश्वरने नाही म्हणून मान हलवली. आचारी गुरुनाथ होईल, यामिनी मुलाकडची मावशी, बाकी सगळे तो स्वतः. नवरीचा भाऊ होणारा खोलीत दुसरा कोण होता? मी कागद ओढला. जमणाऱ्या गोष्टी लिहिल्या: ओझी उचलणं, रुसलेल्यांना हसवणं, हिशोबात न चुकणं. उणिवेच्या रकान्यात लिहिलं, वेळेवर पोचत नाही. गुरुनाथ ते वाचून हसला आणि मग त्याने कागद हळूच खाली ठेवला.

मोरेश्वर गोष्ट सांगतो तेव्हा वेगळाच माणूस होतो. आपलं अकोला त्याने पाहिलेलंही नाही, पण मला विचारून विचारून त्याने कार्यालय उभं केलं, दाराशी रांगोळी, गुरुजींचा चढलेला आवाज, एकसारखी गाणी वाजवणारा सनईवाला. आई जिन्यात उभी राहून रस्त्याकडे बघते आहे, असं तो म्हणाला तेव्हा मी फासे उचलले, कारण माझा माणूस अजून विमानतळावरच होता. फासे विरुद्ध पडले. मोरेश्वरने क्षणभर विचार केला. म्हणाला, पोचतोस. पण अंघोळ नाही, कपडे प्रवासातले, मंगलाष्टकं चुकली. लाजाहोमाला पोचतोस.

त्याआधी बरीच मजा झाली, ती सांगायलाच हवी. यामिनीच्या मावशीने पहिल्या पंगतीला जिलबी गार आहे म्हणून पान सारलं, गुरुनाथच्या आचाऱ्याने तिला कढईपाशी नेऊन गरम जिलबी भरवली आणि तिथे दोघांचं भांडण लागलं. तुझा अंकुर मोरेश्वरने फार गरीब करून टाकला. त्याला घोड्यावरून उतरताच येईना. इतकं हसलो की शेजारच्या अपार्टमेंटमधल्या बाईंनी भिंत ठोकली.

मग होम आला. मोरेश्वर म्हणाला, नवरीने ओंजळ पुढे केली आहे, गुरुजी भावाला बोलावताहेत, तू काय करतोस? सोपं उत्तर होतं. भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो, तेवढं म्हणायचं. मी पुन्हा फासे उचलले. इथे फाशांची गरज नाही, असं मोरेश्वर हळूच म्हणाला, तरी मी ते मुठीतच धरून बसलो. तेव्हा यामिनी उठली, स्वयंपाकघरातून चुरमुऱ्यांची पिशवी आणून तिने ती माझ्या मांडीवर ठेवली, आणि समोर बसून स्वतःची ओंजळ पुढे केली. मी मूठभर चुरमुरे घातले. तिने ते ताटात सोडले आणि पुन्हा ओंजळ धरली. तिसऱ्या वेळी तिने ते ताटात सोडले नाहीत. ती म्हणाली, "माझ्या भावाच्या लग्नात मी फोनवर अक्षता टाकल्या. या इथेच, या गालिच्यावर. नंतर व्हॅक्यूम केलं."

मोरेश्वर खिडकीकडे बघत होता. तिने हे त्यालाही कधी सांगितलं नसावं. आमच्यापैकी कुणालाच कुणी कोंडलेलं नाही, सई. दारं सगळी उघडी आहेत, विमानतळ अर्ध्या तासावर आहे. फक्त बाहेर गेलं तर परत आत येऊ देतील की नाही हे कुणी सांगत नाही. माझ्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलाय. इथे राहायची परवानगी आहे, पण बाहेर पडलो तर नवा शिक्का मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून घ्यावा लागेल. आमच्या ऑफिसातला एक जण असाच वडिलांच्या ऑपरेशनला गेला. तो अजून नागपुरात बसून चौकशी संपायची वाट बघतोय. त्याच्या खुर्चीत दुसरा माणूस बसतो. वकील मंगळवारी म्हणाला, जायचं तर जा, मी अडवत नाही, पण मी जबाबदारी घेणार नाही. हे वर्ष तरी नाही, पुढचंही सांगता येत नाही. सगळं सोडून ये, असं तू म्हणशील. मीही स्वतःला म्हणतो, दर सोमवारी सकाळी. आणि मग इतकी वर्षं घातली म्हणून अजून एक घालतो. ही रांग अशीच आहे, जितका जास्त वेळ उभं राहावं तितकं तिच्यातून बाहेर पडणं कठीण.

खेळ आम्ही पुरा केला. कानपिळीला गुरुनाथने आचाऱ्याचं काम सोडून अंकुरची जागा घेतली आणि कान पुढे केला. मोरेश्वरने विचारलं, भाऊ काय मागतो? घड्याळ, अंगठी, सूट? मी म्हणालो, "माझ्या बहिणीला कुणासाठी थांबवून ठेवायचं नाही." हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. घरी आलो तो हे पत्र लिहायचं ठरवूनच.

गेल्या वर्षी तू तारीख पुढे ढकललीस, दादा आल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही म्हणून. मी तेव्हा खूप सुखावलो होतो. परवा फोनवर आई सहज म्हणाली की अंकुरच्या आजीची तब्येत बरी नसते, त्यांच्याकडचे घाई करताहेत आणि तू पुन्हा दिवाळीनंतरचं बोलते आहेस. मला तेव्हाच सांगायचं होतं, पण तू मागून शालूचा रंग विचारत होतीस. तर आता सांगतो. मी दिवाळीला येणार नाही. त्यानंतरचंही माहीत नाही. तू माझी वाट बघायची नाहीस. या मे महिन्यातलाच मुहूर्त धरा, लाह्या घालायला अनिलला बोलाव, तो काकांचा मुलगा असला तरी तुला भाऊच आहे, आणि त्याचे हात माझ्यापेक्षा मोठे आहेत. मी अडकलो आहे ते माझं मला निस्तरू दे. माझ्यामागे तूही अडकलीस तर मात्र मला इथे एक दिवस काढता येणार नाही. आई रडेल, तिला तू समजाव. आणि तारीख ठरली की मला आधी फोन कर, मग बाकीच्यांना.

तुझाच,
दादा