वरवंटा दिलास, नात नाही

भोर, १८ मार्च २०२५

प्रिय सृष्टी,

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा चाळीस. शिवऱ्याला तुझ्या सासरी बारसं. पाळण्याच्या वरून तुझी नणंद सुलू, खालून मी. रीतीप्रमाणे आधी कुंची घातलेला वरवंटा फिरला. तो माझ्या हातून निसटून गादीवर पडला, सगळ्यांनी पाहिलं. मग बाळाची पाळी आली आणि "तुझ्या हाताचा भरवसा नाही आई, तू ऊठ," असं चारचौघींत म्हणून तू माझ्या जागी शेजारीण बसवलीस. मी उठले. चमच्याने जेवले. बासुंदी चांगली होती म्हणे.

तेव्हापासून तुझा राग येतो म्हणावं, तर तोही नीट येत नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर आहेत, तसंच काहीसं. बारशाआधी कापूरहोळला एसटीतून उतरताना पडले, तेव्हा तुझ्याकडेच निघाले होते, हे सांगायची गरज नाही. सांगितलंच आता.

हाताचं ऑपरेशन झाल्यापासून व्यायाम चुकवलेला नाही. संजीवनी म्हणून फिजिओथेरपीवाली मुलगी आहे, ती करून घेते. अंगठा एकेका बोटाला लावायचा, ओला स्पंज पिळायचा, कोपर अंगाशी धरून तळवा वर वळवायचा. हे शेवटचं जीवघेणं. कॉन्व्हेंटात सिस्टर रोज नखं बघायच्या; तेव्हा हात उलटा-सुलटा करायला काही लागत नव्हतं. आता तळवा अर्ध्यावर अडायचा. सगुणाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, घ्यायचं आसंल तर हात सुलटा करावाच लागतो. लई ताठा बरा न्हाई." तिला मी चहा दिला नाही त्या दिवशी.

गेल्या आठवड्यात तळवा पूर्ण वळला. वजन उचलायची परवानगी मिळाली, तशी मी वरवंटा दुपट्यात गुंडाळून गादीवर बसले आणि या हातातून त्या हातात देत राहिले. आता पडत नाही. पण दगड गार आहे, हे त्या तीन बोटांना कळत नाही.

बाळ उबदार असतं. ते तरी त्यांना कळतं का, मला पाहायचंय. मी खाली बसेन, मांडीवर उशी घेईन, तू हात लावून बस, हवं तर सुलूलाही बसव. नातीला आणणार की नाही, ते लेखी कळव. आयुष्य पोस्टात काढलेल्या बाईला मोबाईलवर नुसता अंगठा पाठवू नकोस. उत्तर पाडव्याच्या आत, ३० मार्चपूर्वी, माझ्या हातात पडलं पाहिजे. उजव्या.

तुझीच,
आई