कॉफीतली गोळी

ता. ४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधी सांगते. रंगकाम करताना हे चक्कर येऊन शिडीवरून पडले. मनगट मोडले, डोके थोडक्यात वाचले. तुम्ही सुचवल्याप्रमाणे रक्तदाबाची गोळी कुटून मी यांच्या कॉफीत घालत होते; हे स्वतःहून काही घ्यायचे नाहीत, अशी आपली खात्री. आता कळते, महिनाभर हे गुपचूप स्वतःच घेत होते! बायकोचे ऐकले हे कबूल करायची लाज वाटली म्हणे. म्हणजे रोज दुप्पट.

मी लगेच थांबले. पण डॉक्टरांना कारण सापडेना, म्हणून पुढल्या आठवड्यात हृदयात नळी घालून तपासणार आहेत. खरे सांगितले तर हे माझ्या हातचे पाणीही पिणार नाहीत. गप्प राहू का? फोन करू नका, हे शेजारीच असतात.

तुमची लेक

ता. ६ मार्च

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गप्प राहू नकोस. पत्र हाती पडताक्षणी जावईबापूंना आणि डॉक्टरांना सर्व सांग; सल्ला माझा होता, हेही सांग. ज्याला ठाऊकच नाही, त्याला नकार देता येत नाही. त्याच्या पेल्यात चोरून घातलेल्या औषधाला औषध म्हणू नये.

सल्ला कशाच्या आधारे दिला, ते तुला सांगितले नव्हते. तुझ्या आईच्या चहात मी हेच करीत असे. औषधाचे नाव काढले की ती तोंड फिरवी, आणि मला वाद नको होता. तिच्या उशीखाली गोळ्यांची रिकामी पाकिटे सापडत. ती गोळ्या फेकते, असा मी तर्क केला. तुझे पत्र वाचल्यापासून तो तर्क गळ्याखाली उतरत नाही. स्वयंपाकघरात ती पडली ती उठलीच नाही. त्याआधीही तिला घेरी येत असे. तुझ्यापाशी ती मन मोकळे करी. गोळ्या ती फेकतच होती ना?

खरे तेच लिहावे.

तुझे बाबा

ता. ९ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न.

सांगितले. तपासणी रद्द झाली. हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. एका हाताने स्वतःची कॉफी करतात, अर्धी ओट्यावर सांडतात, पण मला पातेल्याला हात लावू देत नाहीत. तुमच्याविषयी एवढेच म्हणाले, की सासरेबुवांनी खुशाल यावे, फक्त खाऊ आणू नये.

आईबद्दल खोटे लिहिणार होते. दोन कागद फाडले. बाबा, ती गोळ्या घेत होती. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली होती, नाहीतर स्वारी जिंकल्याच्या ऐटीत घरभर मिरवेल.

जेवत जा. दोन ओळी तरी लिहा.

तुमची लेक

ता. १२ मार्च

चि. लेकीस,
आशीर्वाद.

पत्र पोहोचले. खरे लिहिलेस, योग्य केलेस. जावईबापूंची क्षमा मी स्वतंत्र पत्राने मागितली आहे. त्यांनी ती करावीच, असा आग्रह तू धरू नकोस.

चहा कडवट लागतो, असे तुझी आई वारंवार म्हणे. दुखण्यात जिभेची चव जाते, अशी मी तिची समजूत घालीत असे. तिला ते पटे, आणि ती पेला रिकामा करी.

लोभ उरला असेल तेवढा राहू द्यावा.

तुझे बाबा