पश्चिमेच्या खिडकीवरची झड

५ मार्च १९६८, मंगळवार. लोणावळा.
पुण्याचे आर्किटेक्ट देवस्थळी घर बघून गेले. सकाळच्या गाडीने आले, दुपारच्या गाडीने परत. माणूस कमी बोलतो, हे मला पसंत. टेप लावून सगळं मोजलं. पश्चिमेची भिंत नखाने टोकरली, ओल पार आत गेलीय म्हणाले. मधली भिंत काढायची, न्हाणीघर आत घ्यायचं, पश्चिमेला नवी पडवी काढून छप्पर पुढे न्यायचं. मग पावसाळ्यात खिडक्यांवर गवताची झड बांधायला नको. झड बांधली की चार महिने घरात अंधार, ही लोणावळ्याची रीतच आहे असं मी धरून चाललो होतो.
कुसुमने चहा दिला आणि एवढंच विचारलं, भिंतींना रंग कोणता? देवस्थळी म्हणाले, ते अगदी शेवटी बघू. हिचा चेहरा उतरला.
एकतीस वर्षं रेल्वेच्या क्वार्टरांत काढली बिचारीने. जाऊ तिथे तोच चुना, खाली तोच डांबराचा पट्टा. रिटायर झालो की तुझ्या मनासारखं घर करू, असा मीच शब्द दिला होता. हे घर घेऊन तीन वर्षं झाली. शब्द तसाच आहे.

९ मार्च
मुंबईच्या नाडकर्णी बाई येऊन गेल्या. इंटिरिअर डेकोरेटर. कुसगावच्या रस्त्याला एका बंगल्याचं काम चाललंय त्यांचं. हिनेच परस्पर निरोप धाडला होता. मला राग आला, पण पाहुणीसमोर गिळला.
रंग, पडदे, भिंतीतली कपाटं. सहा आठवडे. घर सोडायला नको, भिंतींना हात लावायला नको. मी म्हटलं, आणि ओल? बाई सरळ म्हणाल्या, ते माझं काम नाही. ही त्यांच्याशी तासभर बोलत होती. इतकं बोललेलं पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं.
जागा किती मोकळी होते ते बघायला बाईंनी मधलं टेबल दीड हात सरकवलं. ते तसंच राहिलं.

१० मार्च
सकाळी दहाला, भर उजेडात, ही त्या टेबलावर आदळली. हातात दुधाचं पातेलं. पायावर सांडलं, थोडं भाजलं. मी खेकसलो, डोळे कुठे ठेवले होतेस म्हणून. ही खाली बसून दूध पुसायला लागली. समोरचं पुसलं. डावीकडचं सगळं तसंच. हात तिकडे गेलाच नाही.

११ मार्च
विचारलं. आधी नाही नाही म्हणाली, मग सांगितलं. गेल्या पावसाळ्यापासून. समोरचं दिसतं. पेपर वाचते, सुईत दोरा ओवते, म्हणून मला पत्ता लागला नाही. बाजूचं गेलंय. उजेड कमी झाला की समोरचंही नाही. घरात पावलं मोजून चालते. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापासून टेबल सात पावलं, टेबलापासून पलंग पाच.
सांगितलं का नाहीस, म्हटलं. "आधी मलाच वाटलं झडीमुळे अंधार आहे. झड निघाली तेव्हा कळलं. तोवर तुम्ही घराचं काढलं होतंत. म्हटलं, एकदा घर होऊ दे."
आठवलं. दिवाळीच्या आधी सोनबाने झड उतरवली. वरच्या वाडीतला सोनबा, दर साली कौलं तोच शाकारतो आणि झडही तोच बांधतो. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी हिने मला विचारलं, यंदा अजून झड काढली नाही का हो? मी हसलो. म्हातारी झालीस म्हणालो. शेजारी जाऊन सांगितलं, तेही हसले.
तीस वर्षं घाटातले रूळ तपासले. चालत्या ट्रॉलीवरून केसाएवढी भेग दिसायची मला, साहेब लोक नावाजायचे. लाज वाटते लिहायला. म्हणून लिहितो.

१८ मार्च
पुणे. डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घालायचे आणि उरलेली सांभाळायची. किती दिवस? वर्ष, दीड वर्ष. कमीसुद्धा. सांगता येत नाही म्हणाले. नळीतून बघितल्यासारखं दिसतं यांना, असं मला समजावलं.
परतीच्या गाडीत हिला खिडकीशी बसवलं. कामशेत गेलं. मग म्हणाली, डबा काढा, भूक लागली.

२१ मार्च
देवस्थळींना काम दिलं तर उंबरठे जातील, फरशी सपाट होईल, न्हाणीघर आत, भिंतीला धरायला दांडाही लावून घेता येईल. मी आधी गेलो तर ही एकटी वावरू शकेल. मूलबाळ नाही. तळेगावचा पुतण्या भला आहे, पण त्याला त्याचा संसार. मात्र काम आठ महिन्यांचं. तोवर पुतण्याच्या मागच्या खोलीत राहायचं. म्हणजे हिच्या वर्षातले आठ महिने तिथेच...
नाडकर्णी बाईंना दिलं तर काम पावसाआधी पुरं. हिला घर दिसेल. आणि लगेच त्यावर झड. उंबरठे जिथल्या तिथे.
दोन्ही झेपणार नाही. हिशेब तीनदा मांडून झालाय, इथे परत मांडत नाही.

२४ मार्च
मी सांगून टाकलं, आर्किटेक्ट. भांडण झालं.
"आंधळी झाल्यावर मी राहीन ते घर तुम्ही बांधताय. अजून दिसतंय मला, त्याचं काय?"
मी म्हटलं, पडलीस आणि हाड मोडलं तर कोण बघणार?
"मोडू दे. इथली पावलं मला पाठ आहेत. भिंत हलवलीत तर मोजू कुठून?"
मी आवाज चढवला. दोघंही न जेवता झोपलो.

२ एप्रिल
ना. बाई कापडाचे नमुने घेऊन आल्या. त्यांना सगळं सांगितलं. हळहळल्या नाहीत, ते बरं झालं. हिला पश्चिमेच्या खिडकीपाशी बसवून एकेक कापड बरोबर नाकासमोर धरत गेल्या. हिने पिवळं निवडलं. हळदीचं नव्हे, शेवंतीचं, असं मला दोनदा बजावलं. तो तुकडा आता समोरच्या भिंतीवर टाचून ठेवलाय.
फाटकापर्यंत सोडायला गेलो. बाई म्हणाल्या, "खरं सांगू? तुम्ही आर्किटेक्टकडेच जा. माझे पडदे चार वर्षांत विटतील. यांना पुढे घर लागणार आहे."

६ एप्रिल
देवस्थळींचं पत्र. परवा मी त्यांना हिच्या डोळ्यांचं कळवलं होतं. लिहितात, अशा स्थितीत भिंती हलवू नयेत असं माझं मत. ओळखीचं घर मोडू नका. आतलंच काय ते नीट करून घ्या, त्या बाई चांगलं काम करतात असं ऐकतो.
म्हणजे याने तिच्याकडे बोट दाखवायचं आणि तिने याच्याकडे. एखादा लबाड भेटला असता तर कधीच मोकळा झालो असतो.

१४ एप्रिल
ही दुपारी आडवी झाली होती. कॅलेंडरच्या दोन कागदांच्या नळ्या केल्या, डोळ्यांना लावल्या आणि घरात फिरलो. दुसऱ्याच पावलाला खुर्ची. मग कपाटाचा कोपरा खांद्याला. घर कळेचना, नुसते तुकडे. भिंतीवरचा पिवळा तुकडा तेवढा सापडला. तो सापडल्यावर आपण कुठे आहोत ते समजलं. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला ठेचकाळून दाणकन बसलो.
ही पलंगावरून बघत होती. हसली. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा. "तिथे सात पावलं आहेत, तुम्ही सहाच टाकलीत."
मला रडू आलं. हिला दिसलं की नाही, माहीत नाही. मी बाजूला होतो.

३० एप्रिल
ना. बाईंची चिठ्ठी. आता लगेच सुरू केलं तरी पावसाआधी पुरं होणार नाही, पण काय ते कळवा. कळवलं नाही. उद्या बघू, उद्या बघू करत महिना घालवला. माझा नव्हे, हिचा.

११ मे
सोनबा आला. कौलं उतरवायला लागला. मी खाली शिडी धरून होतो. झडीसाठी कारवीच्या काठ्या आणि गवत कधी आणू, विचारलं त्याने. हिच्या डोळ्यांचं सांगितलं. हातातलं कौल बाजूला ठेवून म्हणाला,
"भाऊ, ते मला गेल्या सालीच कळलं हुतं. मी डाव्या अंगाला हुबा, अन् वैनी मला फाटकाकडं हाका मारत हुत्या. तुमाला ठावं असंल म्हून बोल्लो न्हाई."
वर्षातून दोनदा येणारा माणूस.

१९ मे
दोन पत्रं लिहिली. एक देवस्थळींना, काम सुरू करा. एक ना. बाईंना, काम सुरू करा. दोन्हींवर तिकिटं लावली. हिला म्हटलं, तू सांगशील ते टाकतो. म्हणाली, "तुम्हाला मी पडायची भीती वाटते, आणि मला घर न बघताच राहून जायची. भीती तुमचीही खरीच आहे. मी कुठलं सांगू?"
भांडली असती तर सोपं गेलं असतं. पाकिटं ड्रॉवरमध्ये.

२६ मे, रविवार
सोनबाने झड बांधायला घेतली. देवघराची खिडकी झाली, न्हाणीघराची झाली. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीशी आला तेव्हा ही आत खुर्ची टाकून बसली होती. तो थांबला, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ही राहू दे.
"भाऊ, आडवं पानी येतंय हितं. भिंत फुगंल, घरात तळं हुईल."
होऊ दे म्हटलं. त्याने गवताचा भारा उचलून पुढच्या पडवीत टाकला. मग सांगाल तवा बांधू म्हणाला, आणि गेला.
ती ओली भिंत दुरुस्त करायलाच तर आर्किटेक्ट बोलावला होता. आता मीच ती भिजायला मोकळी ठेवलीय. देवस्थळींना कळलं तर वेड्यात काढतील.
संध्याकाळी हिच्याजवळ बसलो. समोरच्या टेकडीवरून गुरं उतरत होती. उजेड होता अजून. ही पुढे वाकून मोजत होती. पाच गुरं आहेत ना हो, म्हणाली. मी मोजली. नऊ होती.
पाचच, म्हटलं.
उद्या सोमवार. कुठलं तरी एक पाकीट टाकायलाच हवं.