डाव्या कानाची खाच

अंबाजोगाई,
१२ डिसेंबर २०२४

ती. आबा व ती. आई यांना,
योगिताचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आधीच कान पकडते. परीक्षा होती आणि मधे दोन दिवस बारीक ताप येऊन गेला. आता ठणठणीत आहे. मेसचं जेवण पचवते, म्हणजे तब्येतीची काळजी करायचं कारणच नाही. आबा, फोन असताना पत्राचा हट्ट कशाला, असं इथल्या मुली विचारतात. मी सांगते, आमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि अख्खी आळी ऐकते, पण फोन काही सटवा पोस्टमन वेशीपासून ओरडत आणत नाही, 'धुळाजीच्या नर्सबाईचं पत्र आलं' म्हणून. खरं की नाही?

या महिन्यात मला लहान मुलांच्या वॉर्डात ड्यूटी आहे. आई, मी तीन महिन्यांची असताना छातीत कफ भरला म्हणून तुम्ही मला याच गावी आणलं होतं, आणि तू दाराबाहेर बसून बिरोबाला बोलली होतीस की पोर वाचू दे, तिच्या नावाची मेंढी तुला सोडते. तसल्याच आया इथं रोज दाराशी बसलेल्या असतात. त्यांना पाणी नेऊन देते तेव्हा तुझी फार आठवण येते.

आपली नवसाची कशी आहे? माझ्या नावानं तिला तळहातावर मीठ चाटव, लहानपणी मी चाटवायचे तसं. तुझी अट मी विसरले नाही. ती मेंढवाड्यात उभी आहे तोवर शिकायचं, ज्या दिवशी पडेल त्या दिवशी पेटी उचलून घरी यायचं. पण एक गंमत. केजची एक मैत्रीण म्हणाली, मेंढी दहा-बारा वर्षांच्या वर जगत नाही. मी वीस वर्षांची. मग आपली नवसाची किती वर्षांची? आबा, एवढं कळवा.

तुमच्या लोभावर तर इथं दिवस निघतात, तो असाच असू द्या.

आपली,
योगिता


।। बिरोबा प्रसन्न ।।

तलवाडा, ता. गेवराई
१७ डिसेंबर २०२४

चि. योगितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाई, तू नर्स होशील तेव्हा होशील, पण काल बापाचा जीव घेतला होतास. पारावर पंधरा माणसं जमलेली, समोर तुझी आई, आणि मी फुशारकीनं वाचत वाचत त्या मेंढीच्या वयापाशी आलो. मग थाप मारली की मैत्रीण म्हणते, तुमच्याकडची ज्वारी लई गोड. तुझी आई म्हणाली, "मंग धाडा की पोरीला चार किलो." तर ज्वारी येईल, ती मुकाट्यानं ठेवून घे.

आता खरं ऐक. पहिली नवसाची तू दुसरीत असताना गेली. तुझी आई माहेरी गेलती. मी मादळमोहीला जाऊन तसंच डोळ्याभोवती काळं कडं असलेलं, तिच्याच अंगलटीचं मेंढरू आणलं. पहिलीच्या डाव्या कानाला माझ्या वडिलांनी खाच घातली होती, तशी घालायला बसलो. मेंढरू माझ्याकडे तोंड करून उभं. मी माझ्या डाव्या हाताकडचा कान कातरला, तो निघाला तिचा उजवा! कातरलेला कान काही शिवता येत नाही. तुझ्या आईला कळलं नाही, बिरोबाची कृपा. दुसरी गेली तुझ्या दहावीच्या परीक्षेआधी. तिसरी आणली आणि मुद्दाम उजवाच कान कातरला, आता तीच खूण झाली होती ना. पाप लागायचं तर मला लागू दे. आपल्या वस्तीतली एक पोर पांढरा ड्रेस घालून दवाखान्यात उभी राहिली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. रोज सकाळी देवाच्या टाकाला फूल वाहतो आणि दुसरं तुझ्या फोटोला. तुझी आई म्हणते, येडं लागलंय तुमाला.

याचं उत्तर घरी नको. पाकिटावर सटवाचं नाव घाल, तो माझ्या हाती देईल. बापावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आबा


तलवाडा
१९ डिसेंबर

चि. योगिता हीस,
आईचा आशीर्वाद.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण लाव. चौथीच्या शाळेत एवढंच आलं. तुझ्या आबानं पत्र वाचताना एक ओळ गिळली, ते मला तिथंच कळलं. ज्वारीचं नाव काढताना कुणाला घाम फुटतो का? ते रानात गेल्यावर पत्र काढलं आणि एकेक अक्षर लावून वाचलं.

पोरी, मला पहिल्यापासून ठाऊक आहे. माहेराहून आले त्याच दिवशी पाहिलं, खाच उजव्या कानाला. मेंढरात जन्मलेल्या बाईला मेंढरू ओळखू येत नाही होय? पण एक माणूस पोरीच्या शाळेसाठी देवाशी खोटं बोलायला तयार होतो, तिथं मी तोंड उघडून काय करू? रोज तिला पहिली भाकरी देताना बिरोबाला सांगत आले, मेंढी बदलली असंल, माया बदलली न्हाई, गोड मानून घे.

आता खरी गोष्ट. तुझ्या जातपडताळणीच्या कागदासाठी आबा सोमवारी बीडला गेले, ते बुधवारी आले. त्यात मंगळवारी, तीन तारखेला, झाडझूड करायला गेले तर ती पडलेली. हात लावला, गार. माझीच अट माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तुझ्या काकूला, वर्षाराणीला, बोलावलं. दोघींनी बांधावरच्या बाभळीखाली खड्डा केला, वर दगड आणि काटे टाकले. दोन दिवस घास उतरला नाही. तुला परत बोलवायचं कोणत्या तोंडानं?

बुधवारी दिवेलागणीला आबा आले. सांगायचं म्हणून त्यांना मेंढवाड्याकडं नेलं, तर ती उभी! तीच जागा, तेच काळं कडं. मी तशीच चुलीकडं वळले. वर्षाराणीनं फोन केला असणार आणि यांनी येताना गेवराईहून टेम्पोत घालून आणली असणार. या वेळी मात्र बरोबर डावा कान कातरला आहे, चला, उशिरानं का होईना शहाणपण आलं. फक्त ती चारा खात नाही. सारखी तुझ्या गावाकडं तोंड करून उभी असते. बाकीची मेंढरं तिच्याभोवती हातभर जागा सोडून बसतात. नवी आहे, रुळेल.

हे आबाला सांगू नको, त्यांचा हिरमोड होईल. ज्वारी दळून खा.

तुझी आई,
साखराबाई


अंबाजोगाई,
२४ डिसेंबर

ती. आबा,
सा. न. वि. वि.

आईला पहिल्यापासून सगळं माहीत आहे. रागावू नका, तीही रागावलेली नाही. तुम्ही बीडला असताना, तीन तारखेला, तुमची तिसरी मेंढी गेली. आई आणि काकूनं ती बांधावरच्या बाभळीखाली पुरली. आता मेंढवाड्यात उभी आहे ती चौथी तुम्ही आणली, असं आई समजते. आबा, तुम्ही आणली का? एवढंच लिहा. आणि कान बघून लिहा.

योगिता


।। बिरोबा प्रसन्न ।।

तलवाडा
२९ डिसेंबर

चि. योगितास आशीर्वाद.

मी काही आणलं नाही. त्या दिवशी बीडहून शेवटच्या एसटीनं आलो, पिशवीत तुझा कागद आणि आईसाठी दोन केळी. काकूला विचारलं, तिनं फोन केलेला नाही. तिनंही कुणाला आणताना पाहिलं नाही.

तुझं पत्र आलं आणि पाला घेऊन आत गेलो. उजवा कान अखंड आहे. डाव्याला खाच आहे, जुनी, कडेला केस आलेले. आणि पोरी, ती खाच दुहेरी आहे. माझ्या वडिलांच्या चाकूचं टोक मोडलेलं होतं, त्यांनी कातरलं की शेजारी एक बारकी दुसरी खाच पडायची. तो चाकू त्यांच्याबरोबर गेला, त्याला चौदा वर्षं झाली. तोंड उघडून बघितलं, एक दात शिल्लक नाही. ती शांत उभी राहिली. हाताला तिचा श्वास लागला तो गरम होता.

बाभळीपाशी जाऊन आलो. दगड जागच्या जागी, काटेही तसेच. उकरायची छाती झाली नाही. आयुष्य मेंढरांमागं गेलं, कधी भ्यालो नाही, आज भ्यालो. तुझ्या आईला बोललो नाही. तू बरी आहेस ना? खरं सांग.

आबा


अंबाजोगाई,
४ जानेवारी २०२५

ती. आबा व ती. आई यांना,
योगिताचा सा. न. वि. वि.

हे पत्र पारावर वाचू नका. दोघंच बसा, आणि एकही ओळ गिळू नका.

आबांनी विचारलं, बरी आहेस ना. आता आहे. बारीक ताप म्हणाले ते खोटं होतं, आणि परीक्षाही नव्हती. मला डेंग्यू झाला होता. तुम्हाला कळलं असतं तर आई त्याच दिवशी घेऊन गेली असती, म्हणून मैत्रिणींना शपथ घातली. मंगळवारी, तीन तारखेला, माझ्या प्लेटलेट सोळा हजारांवर आल्या आणि शुद्ध गेली. बुधवारी दिवे लागताना डोळे उघडले. कुणीतरी माझा तळहात खरखरीत जिभेनं चाटत होतं. ओल्या लोकरीचा वास येत होता. सिस्टरना विचारलं, त्या म्हणाल्या की कॉटशी सकाळपासून आमच्याशिवाय कुणी आलेलं नाही.

आई, ती मेंढी आबांनी आणलेली नाही. आबा, आईनंही नाही. तुम्ही दोघांनी इतकी वर्षं एकमेकांपासून लपवून मला वाढवलं, आणि मीही तुमचीच लेक निघाले. आता मला घरी बोलवायचं असेल तर बोलवा, मी येईन. फक्त तिचे दात-कान पुन्हा बघू नका.

तुमची,
योगिता


तलवाडा
१६ जानेवारी २०२५

चि. योगिता हीस,
आईचे आणि आबांचे आशीर्वाद.

तुझं पत्र दोघांनी वाचलं. आबा पोरासारखे रडले. मी रडले नाही, आधी तुला चार रट्टे द्यावे वाटले, मग देवापुढं दिवा लावला आणि तिथंच बसून राहिले. तुला घेऊन यायला पेटीपण काढली होती.

परवा संक्रांतीला सकाळी तिळगूळ घेऊन तिच्याकडं गेले, तर ती नाही. मेंढवाड्याची जाळी बांधलेली, गाठ माझ्याच हातची. आबा शोधायला निघाले, मी अडवलं. खुरांचे ठसे होते. बांधावरून बाभळीला वळसा घालून सडकेला लागले आणि अंबाजोगाईच्या अंगाला गेले. कुठं थांबलेले दिसले नाहीत.

आबा कोपऱ्यात बसून मला बघत होते, आता ही अट काढते म्हणून. तर ऐक, त्यांनाही हेच सांगितलं. पडली तर परत यायचं, असं ठरलं होतं. ती पडली नाही, चालत गेली. तू शीक. पुन्हा आजारी पडलीस आणि लपवलंस, तर मात्र मी चालत येईन.

पेटी परत माळ्यावर ठेवली आहे. एखाद्या सकाळी ती तुझ्या दाराशी दिसली तर कुणाला हाकलू देऊ नको. मीठ दे, आणि पहिली भाकरी दे. तुमच्या मेसमध्ये भाकरी मिळते का, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी आई,
साखराबाई