शिंपल्यांवरचं इरलं

सर, तुमचं ते जुनं इरलं अजून माझ्याकडे आहे. पानं कधीच गळून गेली, बांबूच्या पट्ट्या तेवढ्या उरल्यात, पण टाकवत नाही. अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीच्या मत्स्यालयात मी तुमच्या हाताखाली लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला त्याचं हसू आलं होतं. पुढे समुद्राच्या पाण्याच्या चकचकीत टाक्या, आणि मागच्या पडवीत पाणी गाळणाऱ्या शिंपल्यांच्या हौदावर हे पावसात शेतात पांघरायचं इरलं पालथं घातलेलं. तुम्ही म्हणालात, "हसतेस काय गो? या शिंपल्यांवर जंतू राहतात. माशांची घाण तेच बापडे पचवतात, म्हणून पाणी विषारी होत नाही. पण उजेड त्यांना सोसत नाही. वर काचेचं कौल आहे, ऊन थेट हौदात उतरतं." मी मान डोलावली. पटलं मात्र नव्हतं. आमच्याकडे आई गोधड्यासुद्धा उन्हात टाकायची. ऊन लागलं की वस्तू स्वच्छ, एवढंच मला माहीत.

दिवाळीनंतर तुम्ही आजारी बहिणीला बघायला गुहागरला गेलात, आणि नेमके मुंबईहून साहेब तपासणीला येणार असं कळलं. त्यांच्यासमोर हे ध्यान कशाला, म्हणून मी इरलं काढून भिंतीला टेकवलं. शिंपले उन्हात असे लखलखले की मला माझंच कौतुक वाटलं. साहेब खूश होऊन गेले. इरलं मी पुन्हा घातलं नाही. विसरले नव्हते, सर. तसंच बरं दिसत होतं. आठवड्याभरात मासे वर येऊन धापा टाकायला लागले. तुम्ही एसटीतून उतरून खांद्यावरच्या पिशवीसकट टाकीशी आलात, तोवर तुमचा हेकरू मासा, तुमच्या हातून बांगड्याचा तुकडा खाणारा, आडवा झाला होता. "इरलं कोणी काढलं?" तुम्ही विचारता. "वाऱ्याने पडलं असेल," मी म्हणते.

"मग माझंच चुकलं, बांधायला हवं होतं," एवढंच म्हणालात, आणि खाली बसून सुंभाने इरलं हौदाला बांधायला लागलात. निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी ती गाठ ओढून बघायचात, आणि हेकरूचा विषय निघाला की सांगायचात, "माझ्या हलगर्जीपणाने गेला तो." मी तिथेच उभी असायचे. खरं सांगितलं असतं तर तुम्ही रागावला असतात, दोन दिवस अबोला धरला असतात, आणि तिसऱ्या दिवशी चहाला हाक मारली असतीत. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, त्याचीच लाज जास्त वाटते.

आता त्या हौदावर काळं झाकण आहे. ते आलं तेव्हा इरलं मी घरी आणलं. हे पत्रही त्याच्याच पट्ट्यांत खोचून ठेवीन; तुम्हीच राहिला नाहीत, दुसरं कुठे टाकणार? परवा नव्या मुलींना हौद दाखवताना मी सगळं सांगितलं: काचेचं कौल, ते जंतू, हेकरू. एकीने विचारलं, "पण मॅडम, इरलं निघालं कसं?"

मी म्हटलं, वाऱ्याने.